मु. पो. शेवाळ

अभयारण्यात जाणारी माणसं दोन प्रकारची. एक, जीपमध्ये उभी राहून लांबवर बघणारी. दुसरी, ओणवी होऊन नाकासमोरचं बघणारी. पहिल्या प्रकाराला बिबट्या दिसत नाही आणि मग वर्षभर ती 'पाऊलखुणा मात्र अगदी ताज्या होत्या' असं पाहुण्यांना ऐकवत राहतात. दुसऱ्या प्रकाराला हवं ते फाटकाजवळच, पाटीच्या सिमेंटच्या पायथ्याशी सापडतं. पण ते ऐकायला पाहुणे थांबत नाहीत. आमचे साडूभाऊ दुसऱ्या प्रकारचे. ते मॉस गोळा करतात.

मॉस म्हणजे पावसाळ्यात भिंतीवर, कौलांवर, झाडांच्या बुंध्यांवर जो हिरवा थर चढतो आणि ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणून खरवडून काढतो, तो. साडूभाऊ सुरतेच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. निवृत्त माणसं हरिद्वारला जातात, शेअर बाजारात जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत जातात. हे मॉसमध्ये गेले. कुठल्याशा संशोधन प्रकल्पात 'मानद मदतनीस' म्हणून त्यांची वर्णी लागली. मानद म्हणजे पगार नाही आणि मदतनीस म्हणजे काम सगळं. काम असं : डांग जिल्ह्यातल्या पूर्णा अभयारण्यातली मॉस गोळा करायची, ओळखायची आणि त्यांची पद्धतशीर सूची करायची. पिशव्या उचलायला माणूस लागतो म्हणून त्या मदतनिसाचा मदतनीस मी.

आम्ही राहतो सचिनला. गावाचं नाव सांगितलं की पुण्याकडचे नातेवाईक आधी फलंदाजीबद्दल बोलून घेतात. मग त्यांना समजावून सांगावं लागतं, की सुरतेहून दक्षिणेला निघालं की उधना, भेस्तान आणि मग सचिन. इथे जीआयडीसी आहे, कापड रंगवणाऱ्या मिला आहेत, लूम आहेत, आणि 'तुमचं गाव कोणतं?' याला 'सचिन' असं उत्तर देणारा माणूस शोधावा लागतो. ताप्ती लाइनच्या गाडीत बसून नंदुरबार, शिंदखेडा, अमळनेरहून आलेला अर्धा खानदेश इथे. उरलेला ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहारचा. इथला नवाबसुद्धा बाहेरचाच. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या अब्दुल करीम ऊर्फ बालूमियाँने १७९१ साली पेशव्यांशी करार करून जंजिऱ्यावरचा आपला हक्क सोडला आणि त्या बदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. तेव्हापासून या गावाला दोन पत्त्यांची सवय आहे. कुठलाही फॉर्म घ्या. कायमचा पत्ता : तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. सध्याचा पत्ता : सचिन. 'सध्या'ला पंचवीस-तीस वर्षं झालेली असतात.

अशा गावात राहून साडूभाऊंनी जो उद्योग पत्करला तो मुळात पत्ते लिहिण्याचाच. मॉस उचलणं हे दोन मिनिटांचं काम. ते कुठून उचललं, हे लिहिण्यात दिवस जातो.

पण उचलण्याच्याही आधी परवानगी. वन्यजीव म्हटलं की आपल्याला दात आणि पंजे आठवतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा इतका कोत्या मनाचा नाही. त्याच्या व्याख्येत प्राण्यांच्या बरोबरीने, अधिवासाचा भाग असलेल्या जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या वनस्पतीही वन्यजीवच आहेत. म्हणजे अभयारण्याच्या हद्दीत बिबट्या आणि बिबट्या ज्या दगडावर बसतो त्या दगडावरचं मॉस, दोघंही एकाच कायद्याच्या पांघरुणाखाली. त्याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय अभयारण्यातून यातलं काहीही हलवता येत नाही. साडूभाऊंना याचा फार अभिमान. "बघा, आमच्या मॉसला बिबट्याचा दर्जा आहे," असं ते प्रत्येक लग्नात सांगतात.

त्या दर्जाचा ताप प्रकल्पाच्या कागदपत्रांत झाला. एका छापील तक्त्यात रकाने होते : वन्यजीवाचे नाव, संख्या, नर, मादी. साडूभाऊंनी नावासमोर प्रामाणिकपणे 'अद्याप ओळख पटायची आहे' असं लिहिलं. टेबलामागच्या माणसाने विचारलं, "ओळख पटली नाही, तर मग आणायला कशाला जाता?" साडूभाऊ म्हणाले, "ओळख पटवायलाच." संख्येच्या रकान्यात 'मोजता येणार नाही' चालेना. 'अंदाजे' चाललं. नर-मादीच्या रकान्यात मात्र साडूभाऊ रंगात आले. काही मॉसमध्ये नर आणि मादी वेगळे असतात, काहींमध्ये दोन्ही एकाच रोपावर असतात आणि पाण्याचा थेंब मिळाल्याशिवाय त्यांचं लग्न लागत नाही, हे सगळं त्यांनी त्या गृहस्थांना उभ्या उभ्या समजावलं. मागे रांग होती. गृहस्थांनी रकान्यात आडवी रेघ मारली आणि शिक्का मारला. ज्ञानाने कामं लवकर होतात ती अशी.

पूर्णा अभयारण्य सुमारे १६० चौरस किलोमीटरचं. सह्याद्री उत्तरेला जिथे संपत येतो तिथलं ते ओलं, सागवानी, बांबूचं जंगल; अभयारण्य म्हणून ते १९९० मध्ये जाहीर झालं. तीच पूर्णा पुढे आमच्या शेजारच्या नवसारीवरून समुद्राला जाते. पाऊस सरत आला की व्यारावरून महालच्या बाजूने आम्ही शिरायचो. बरोबर एक वनरक्षक. गडी डांगचा, त्यामुळे भाषेत गुजरातीही आणि मराठीही, दोन्ही सोयीप्रमाणे. त्याने पहिल्याच वळणावर उत्साहाने सांगितलं, "सायब, बिबट्या त्या बाजूला उतरतो पाणी प्यायला." साडूभाऊ म्हणाले, "छान. म्हणजे तो खडक ओला असणार." आणि बसले. वनरक्षकाचा चेहरा पाहण्याजोगा झाला. आयुष्यभर त्याने लोकांना 'खाली उतरू नका, शांत बसा' म्हणून सांगितलं असणार. आता न सांगता खाली उतरलेला, शांत बसलेला आणि उठायलाच तयार नसलेला माणूस त्याच्या वाट्याला आला होता.

मॉस गोळा करणाऱ्यांच्या चालीला चाल म्हणणं धाडसाचं आहे. सकाळी जीपमधून उतरलो, की दुपारच्या भाकरीपर्यंत जीप दिसत असते. साहित्य साधं : बोथट सुरी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पेन्सिल आणि कागदाची पाकिटं. पेनने लिहायचं नाही, शाई ओलीने पसरते. सगळा गुच्छ उपटायचा नाही. चिमूट घ्यायची, बाकीचं त्याच्या संसारात राहू द्यायचं. फुलझाडांचे नमुने दाबून वाळवून पुठ्ठ्यावर चिकटवतात. मॉसला ते सोसत नाही. त्याला नुसतं सावलीत वाळवायचं आणि घडीच्या पाकिटात ठेवायचं. कीडही सहसा लागत नाही. एकूण गरीब स्वभावाचा पाहुणा.

पाकिटांचा कागद पुरवणं माझ्याकडे. मी एका प्रोसेसिंग मिलमध्ये हिशेब लिहितो. तिथे पाठकोऱ्या चलनांना तोटा नाही. त्यामुळे पूर्णेतल्या कितीतरी दुर्मीळ जिवांचा पहिला निवारा असा आहे : आतून कोरा, बाहेरून 'पॉलिस्टर, पन्ना ४४ इंच, रंग बॉटल ग्रीन, रिजेक्ट'. साडूभाऊ ते 'रिजेक्ट' खोडून मगच नमुना आत ठेवतात. मॉसला वाईट वाटू नये म्हणून.

मग पत्ता. बापरे, तो पत्ता! देश, राज्य, जिल्हा, अभयारण्य, जवळचं गाव, अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची. इथवर कोणीही लिहील. पुढे : खडकावर, मातीवर, सालीवर की कुजक्या ओंडक्यावर? झाड असेल तर कोणतं, जमिनीपासून किती वर, कोणत्या दिशेला? ऊन की सावली? पाणी ठिबकतं की नुसती ओल? कोणी घेतलं, कोणत्या तारखेला, आणि घेणाऱ्याचा अनुक्रमांक. हा अनुक्रमांक प्रत्येक वेळी एकापासून सुरू होत नाही; तो जन्मभर पुढे चालतो. साडूभाऊंना लग्नाची तारीख विचारावी लागते, अनुक्रमांक विचारावा लागत नाही. मी शेजारी छत्री धरून उभा राहून विचार करायचो, की माझ्या रेशनकार्डावर घर नंबरसुद्धा चुकलेला आहे. इथे नखाएवढ्या जिवाच्या पत्त्यात 'ऐनाच्या बुंध्याच्या उत्तरेच्या अंगाला, दीड हातावर' असं लिहिलेलं. पोस्टमनला शेवाळाकडे पाठवलं तर तो न विचारता पोचेल.

आणि हे सगळं कोणासाठी? ज्याला मूळ नाही अशासाठी. खरोखरच नाही. मॉसला असतात ते बारीक तंतू, तेही फक्त धरून ठेवण्यापुरते. पाणी ते अंगभर पितं. पान बहुतेकदा एका पेशीच्या जाडीचं. फूल नाही, फळ नाही, बी नाही; दांडीच्या टोकावर बोंड येतं, त्यातून बीजाणूंची पूड वाऱ्यावर जाते आणि जिथे ओल मिळेल तिथे मुक्काम. उन्हाळ्यात वाळून कोळ होतं, पानं आवळून घेतं, मेल्याचं सोंग करतं आणि पहिल्या सरीला पुन्हा हिरवं होतं. पोट भरायला येऊन पडलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी, मंदी आली की अंग आवळून बसणारी आणि ऑर्डर आली की पुन्हा उठणारी माणसं मी रोज मिलच्या फाटकावर बघतो. त्यामुळे मला मॉस समजायला वेळ लागला नाही. फक्त त्याची लॅटिन नावं घशात अडकतात.

या नावांचा इतिहासही मॉसला साजेसा आहे. फुलझाडांच्या नावांची सुरुवात लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथापासून धरतात. मॉसची नावं मात्र १८०१ पासून, योहान हेडविग नावाच्या जर्मन डॉक्टरच्या ग्रंथापासून. हेडविग वारला १७९९ मध्ये आणि ग्रंथ निघाला त्यानंतर दोन वर्षांनी. दिवसा रोगी तपासून उरलेल्या वेळात त्याने भिंगाखाली मॉस तपासली, आणि या शास्त्राचा नारळ फुटला तो संस्थापकाच्या पश्चात. साडूभाऊंना हे सांगितलं की ते सुखावतात. "आमच्यात घाई नाही," म्हणतात.

आपल्याकडेही घाई नव्हतीच. थिओडोर कुकने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला, १९०१ ते १९०८ या काळात; त्यात मान फुलणाऱ्यांना. फादर सान्तापाव डांगच्या जंगलात हिंडले आणि १९५४-५५ मध्ये तिथल्या वनस्पतींवर विस्ताराने लिहिलं. गुजरातच्या मॉस आणि त्यांच्या भाऊबंदांवर स्वतंत्र ग्रंथ निघाला तो २००६ मध्ये, आणि तो उदयपूरहून. चौधरी, शर्मा आणि सनाढ्य ही लेखक-मंडळी. वाळवंटाच्या राज्यातून येऊन आमचं ओलं शेवाळ मोजून गेले. गुजरातच्या व्यापारी बुद्धीला हे नोंदवून घ्यायला हरकत नाही, की ज्यात नफा दिसत नाही ते मोजायला शेजारचा येतो. २०११ च्या यादीप्रमाणे भारतात मॉसच्या १,७८६ जाती आहेत आणि जगात सुमारे १२,०००. यातल्या पाच ओळखणारा माणूस सचिनमध्ये असेल तर तो आमच्या नात्यातला.

नमुने घरी आले की खरी परीक्षा ताईंची, म्हणजे माझ्या मेव्हणीची. ज्या गॅलरीत पापड वाळायचे तिथे आता पूर्णेचा ओढा वाळतो. कामवालीला सक्त ताकीद : कपाट पुसायचं, आतलं झटकायचं नाही. एकदा पाहुण्या बाईंनी विचारलं, "हे काय, वाळवणाची मेथी?" ताई शांतपणे म्हणाल्या, "नाही, सवत." शेजारचे काका धुळ्याचे. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि कळवळून विचारलं, "भाऊ, जंगलम्हा बिबट्या सोडीसन तुम्ही शेवायच देखतस का?" साडूभाऊंनी काही न बोलता आपल्या तरुणपणीचं एक पाकीट उघडलं. आत काळपट चुरा. त्यावर ड्रॉपरने पाणी सोडलं. आवळलेली पानं हळूहळू उलगडली, सरळ झाली, एकेक वेगळं दिसू लागलं. काका म्हणाले, "जित्तं शे का हाई?" साडूभाऊ म्हणाले, "जीव नाही आता, पण आकार परत येतो. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा नमुनाही ओळखता येतो." काकांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि ड्रॉपर मागून घेतला.

ओळख पटवणं हा तर आणखी वेगळा संसार. आमच्या मिलमध्ये शेड कार्ड असतं. शेजारी शेजारी ठेवलेल्या हिरव्या पट्ट्या, नवख्याला सगळ्या सारख्या आणि मास्टरला प्रत्येकीत फरक. मॉसचंही तसंच, फक्त फरक रंगात नसून पेशीत. पानाची मधली शीर टोकापर्यंत जाते की आधीच थांबते? पेशींवर पुळ्या आहेत की त्या गुळगुळीत? बोंडाच्या तोंडाशी दात किती? अकरावीच्या पुस्तकातली फ्युनारिया आठवते ना? तिच्या बोंडाच्या तोंडाला सोळा-सोळा दातांच्या दोन ओळी असतात. माझ्या तोंडात एकूण इतके उरलेले नाहीत. ओळख पटली की पक्की चिठ्ठी, पक्कं पाकीट, वहीत नोंद, संगणकात नोंद, आणि एक जोडनमुना मोठ्या वनस्पतिसंग्रहाकडे. तिथे त्याला आणखी एक क्रमांक मिळतो. आधार एक, पॅन एक, मॉसला दोन-दोन.

पत्ते लिहून झाले की संपलं, असंही नाही. पत्ते बदलतात. सान्तापाव डांगला गेले तेव्हा डांग मुंबई राज्यात होता. १९६० नंतर तो गुजरातमध्ये आला. खडक तोच, ओढा तोच, मॉस तसूभर हललं नाही आणि राज्य बदललं. आमच्या सचिनचंही तेच झालं. २०२० साली नगरपालिका जाऊन आम्ही सुरत महानगरपालिकेत गेलो. माणसांनी पत्ते बदलायला रांगा लावल्या. साडूभाऊंचा नियम असा, की जुन्या चिठ्ठीवर खाडाखोड करायची नाही. जे तेव्हा होतं ते तसंच राहू द्यायचं आणि नवी चिठ्ठी शेजारी जोडायची. हा नियम सरकारी कचेऱ्यांनी उचलला असता, तर माझ्या रेशनकार्डाला एव्हाना चांगला जाड पुठ्ठा लागला असता.

आता त्यांची नजर मुरुडच्या फणसाड अभयारण्यावर आहे. ते जंगल एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. लोक तिथे शेकरू बघायला जातात. साडूभाऊंचं म्हणणं, सचिनकरांचा फणसाडवर पिढीजात अधिकार आहे. मी म्हटलं, "अहो, बालूमियाँने १७९१ मध्येच सगळा हक्क सोडला." ते म्हणाले, "जंजिऱ्यावरचा सोडला. शेवाळावरचा सोडल्याचं करारात नाही." परवान्याचा अर्ज मात्र त्यांनी नियमाप्रमाणेच केला आहे. नर-मादीच्या रकान्यात या वेळी जादा कागद जोडून.

जपानमध्ये, क्योतोच्या सायहोजी मंदिरात मॉसची बाग आहे. तिथे सुमारे १२० प्रकारची मॉस नांदतात. बाग बघायची तर आधी नोंदणी करावी लागते, आणि गेल्यावर आधी बसून सूत्र उतरवून काढावं लागतं. मग दर्शन. आमच्या सोसायटीत मॉससाठी दरवर्षी दिवाळीआधी ब्लीचिंग पावडर आणि तारेचा ब्रश येतो.

या वर्षीही आला. पाण्याच्या टाकीमागची भिंत हिरवीगार झाली होती. ब्रशवाला बाह्या सरसावतो आहे तोच साडूभाऊ, आमच्याकडे जेवायला आलेले, हातातला पेढा तसाच ठेवून खाली धावले. भिंतीला भिंग लावलं आणि जाहीर केलं, "हायोफिला इन्व्होल्युटा!" सोसायटीचे प्रमुख घाबरून म्हणाले, "कोरोना जेवुं कंई छे?" साडूभाऊंनी समजावलं : सिमेंटच्या आणि विटांच्या भिंतींवर हमखास येणारी ही जात, सुकली की पानं आत वळवून घेते. रंग उडवत नाही, भाडं मागत नाही. पलीकडे रुपेरी दिसतंय ते ब्रायम अर्जेंटियम. मुंबईच्या गच्च्यांवर असतं आणि अंटार्क्टिकातही असतं. अंटार्क्टिका म्हटल्यावर प्रमुखांचा सूर बदलला. अंटार्क्टिकात आणि आमच्या बी विंगच्या मागे एकच रहिवासी राहतो, हे त्यांनी तीन जणांना फोन करून सांगितलं. हातभर भिंत राखीव झाली. तिथे गुजराती, हिंदी आणि मराठीत पाटी लागली, की इथे घासू नये आणि थुंकू नये. दुसऱ्या सूचनेचा मॉसशी संबंध नव्हता, पण पाटी करतोच आहोत तर होऊन जाऊ दे, असं ठरलं.

साडूभाऊंनी चिमूट घेतली, पाकीट केलं, चिठ्ठी लिहिली : भारत, गुजरात, सुरत जिल्हा, सचिन, सोसायटीची पूर्वेकडची भिंत, सिमेंटवर, जमिनीपासून दोन फूट, अर्धवट सावली, तारीख, गोळा करणारा, ओळखणारा, अनुक्रमांक. प्रमुखांनी ती नीट वाचली आणि तिची झेरॉक्स मागितली, सोसायटीच्या फायलीसाठी. त्या फायलीत पोलीस ठाण्यात द्यायच्या भाडेकरू-नोंदी आहेत. कोणाचा करार संपलेला, कोणाचा फोटो नाही, कोणाच्या आधारवर अजून शिरपूर, कोणाच्या नावात आणि वडिलांच्या नावात अदलाबदल. प्रमुखांनी झेरॉक्स सर्वांत वर लावली. सगळी कागदपत्रं पूर्ण असलेला सोसायटीतला तो पहिलाच रहिवासी.